डाळिंब्या

निवृत्त होऊन तिसरा आठवडा लागला, तरी कुमुदिनीला एकाच ठिकाणी असण्याची सवय होत नव्हती. ती नर्स होती. चार गावांतल्या चार इस्पितळांत तिची चार यंत्रशरीरं एकाच वेळी तिच्या मनाने चालत. एक सलाइन लावी, दुसरं कुणाला पेज भरवी. घराच्या वाट्याला तिचं उरलंसुरलं मन येई.

त्या सकाळी ती डाळिंब्या सोलायला बसली. बाकीचे हात कुठे गेले, असं तिला सारखं वाटत होतं.

“एवढ्याशा कामाला अख्खी सकाळ जाणार!” ती कुरकुरली.

“जाऊ दे की,” म्हणत तिचे यजमान मधुसूदन समोर बसले आणि नेहमीसारखे सांगू लागले, “काल वाचनालयात टिल्लूकाका घोरत होते. तिथल्या बाईंनी काय करावं? ‘शांतता राखा’ची पाटी त्यांच्या पोटावर ठेवली. आता घोरणं चालूच, आणि पाटी आपली वरखाली, वरखाली...”

कुमुदिनी खुदकन हसली. मधुसूदन बोलायचे थांबले.

“काय झालं हो?”

“तू मधेच हसलीस.”

“मग? हसण्यासारखंच होतं ना?”

“हो गं. पण इतकी वर्षं मी गप्प झालो की मगच तू हसायचीस.”

तिने परात दोघांच्या मधे सरकवली.

“पुढे काय झालं, सांगा ना.”

पुढे काहीच झालं नव्हतं. पण मधुसूदननी एक डाळिंबी उचलली आणि ती सावकाश सोलत पुढचं रचायला सुरुवात केली.