दम धरा

"उडतोय, पण दोरीला टांगल्यासारखा," दिग्दर्शक म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

पडद्यावर त्याच्या कार्टूनपटातला सुपरहिरो पुन्हा गच्चीच्या कठड्यावर येऊन उभा राहिला. संगीतकार बाईने छडी खाली ठेवली. जुन्या जमान्यातल्या साहसपटांसारखं संगीत हवं, असं ठरलं होतं, आणि तिने काही म्हणजे काही बाकी ठेवलं नव्हतं. तीसेक वादक एकाच दालनात बसवले होते, माळ्यावरून जुना माइक उतरवला होता. सूर तसेच, वाद्यंही तीच. तरी कुठंतरी मीठ कमी पडत होतं.

आज जमलं नाही, तर निर्माते संगणकावर बनवलेलं संगीत लावणार होते. म्हणजे तिचा पहिलाच सिनेमा हातचा जाणार. भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त तिला एकच गोष्ट कुरतडत होती. त्या जुन्या लोकांनी असं घातलं तरी काय होतं?

"पुन्हा एकदा घेऊ," ती म्हणाली.

घाईत तिचा हात अंमळ लवकरच वर गेला. ट्रम्पेटवाल्यांनी छाती भरून घेतली. हिरो मात्र अजून कठड्यापर्यंत पोचलाही नव्हता.

"दम धरा," ती हळूच म्हणाली.

व्हायोलिनवाले नुसते थांबले. फुंकणाऱ्यांनी खरोखरच दम धरला. गाल फुगले, कान लाल झाले. तिचा हात खाली आला तोवर आतला दम पार शिळा झाला होता. सगळ्यांनी तो सोडला, एकदमच नवा ओढला आणि मग फुंकलं.

वाजवून झाल्यावर तात्या, ट्रम्पेटवाल्यांतले सगळ्यांत वयस्कर, कपाळ पुसत म्हणाले, "ताई, थांबा म्हणायचं तर थांबा म्हणावं. फुंकणाऱ्याला दम धरा म्हणालात, तर तो धरणारच की."

दालनभर हशा पिकला. काचेपलीकडून ध्वनिमुद्रक बोलला. तो तिचा धाकटा दीर.

"वहिनी, तुमचा आवाज कापता येईल. पण सुराच्या आधी सगळ्यांचा श्वास आलाय. तोही काढून टाकतो, रोज काढतो तसा."

"रोज काढता?"

"मग? कचराच तो."

जुन्या रेकॉर्ड तिने स्पीकरला कान लावून ऐकल्या होत्या. सुराच्या आधी काहीतरी हलकंसं सरसरायचं. इतकी वर्षं ती त्याला सुईची खरखर समजत आली होती.

"भावोजी, श्वास काढू नका. आहे तसं चित्रावर लावा."

पडदा उजळला. हिरोने कठड्यावर येऊन खाली पाहिलं. मग तो श्वास, मग सूर, आणि त्याने उडी घेतली.

दिग्दर्शक उठून पडद्याजवळ गेला. "मागे घ्या जरा. उडीच्या आधी याने श्वास घेतला."

"घेतला," ती म्हणाली.

दिग्दर्शकाने पडद्याला जवळजवळ नाक लावलं. हिरोची छाती तो बराच वेळ निरखत राहिला.

"पण आम्ही तर तो चित्रात काढलाच नव्हता," तो म्हणाला.