न कापलेली कोंबडी

“बंदी? कोंबडीवर?” दत्तारामांनी हातातल्या फोनकडेच रागानं पाहिलं.

“कोंबडीवर नाही, बाबा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसावर.” मयुरेश अमेरिकेतून बोलत होता. “आमच्या राज्यात ते विकायला कायद्यानं मनाई आहे. गुरं पाळणाऱ्यांचा धंदा बसेल म्हणतात.”

बहरीनमधल्या सनदच्या फ्लॅटमध्ये ओट्याशी उभी राहून विशाखा भेंडी चिरत होती. तिला हसू आवरेना. “दादा, आठवडाभर यांचं हेच चाललंय. तू सुट्टीला येशील तेव्हा तुझ्या बॅगेतून न कापलेली कोंबडी हवीय.”

दत्तारामांची शपथ सगळ्यांना ठाऊक होती. गावी बायकोच्या, लक्ष्मीच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. भाऊबंद उन्हात ताटकळले. तिची काही इच्छा राहिली असेल, कुणीतरी म्हणालं. लक्ष्मी जन्मभर नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलवरून भांडली होती. दत्तारामांनी हात जोडले. “माझ्या घरात यापुढे कापलेली कोंबडी शिजणार नाही.” कावळा लगेच उतरला. जिंकली एकदाची, असं म्हणून मावशी रडता रडता हसली.

त्याआधी दर शुक्रवारी कोंबडी-वडे असायचे. दोन तंगड्या दोन पोरांच्या. दत्ताराम कोंबडीची मान उचलायचे, तीच खरी चवीची म्हणून. सगळे त्यांना हावरट म्हणायचे. आता शुक्रवारीही भेंडी. विशाखा बाहेरही खात नसे. मला तशी फारशी आवडत नाही, म्हणायची.

“शेजारच्या राज्यात मिळेल?” दत्तारामांनी विचारलं.

“असेल. पण त्यासाठी अर्धा दिवस गाडी हाकू?”

“मग? सौदीतली माणसं सुट्टीला पूल ओलांडून इकडे का येतात? समुद्र बघायला, की तिथं बंदी असलेली दारू प्यायला? बहरीनमध्ये वाढलास आणि एवढं कळत नाही?”

“आणि इथल्या कस्टम्सला काय सांगाल?” विशाखानं विचारलं.

“सांगेन, कावळ्याची परवानगी आहे.”

मयुरेश खो खो हसला. “बाबा, तुमची मान विसरा. त्याला हाडच नसतं. नुसता मऊ गोळा.”

“म्हणजे तंगडी?”

“तंगडी कुठून येणार?”

दत्ताराम स्पीकर बंद करून गॅलरीत गेले. आयुष्य एसीच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं, कान मंद झालेले. आपण हळू बोलतो आहोत असं त्यांना वाटायचं.

“मग राहू दे रे. मला काय, मी मानेवर दिवस काढले. शपथ घेताना एवढंच ध्यानात आलं नाही, की पोरीची तंगडीपण त्यात गेली.”

आत विशाखाची सुरी थांबली होती.