दीड कोयता आणि एक लेकरू

ते दोन हजार बावीस साल होतं. दिवाळी सरून दोन दिवस झाले होते आणि सोनईच्या रस्त्याला ऊसतोडीच्या टोळ्या लागल्या होत्या. अंगदच्या अंगणात मात्र निराळीच गाडी उभी होती. आपल्या वेल्डिंगच्या दुकानात सहा महिने खपून त्यानं ती बनवली होती, जीपच्या मागं जोडायची. बंद असली की नुसती लोखंडी पेटी. कड्या सोडल्या की छत वर यायचं, दोन्ही अंगांनी पलंग बाहेर सरकायचे आणि भोवती ताडपत्री ताणली की चार माणसांची निजायची सोय. उद्या सकाळी ती घेऊन मुंबईच्या वाटेवरच्या थीम पार्कला जायचं होतं. तिथं तंबू लावायला मैदान होतं म्हणे, नळ-संडासासकट.

अंगदच्या आईला, लंकाबाईला, काही करून हे जाणं मोडायचं होतं. आधी तिनं घातवार काढला. मग गुडघा धरला. शेवटी नातीच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरीचं अंग कढत लागतंय." आठ वर्षांची मोनिका हात झटकून पळाली.

सून धनश्री ओसरीवर बसून मोबाईलवर जागेचा फॉर्म भरत होती. "अहो, माणसं किती, विचारतंय. मोठी किती, लहान किती?"

"दीड कोयता अन् एक लेकरू," लंकाबाई बोलून गेली.

अंगद हसला. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, एकट्या माणसाचा अर्धा. वीस वर्षं तिनं मुकादमाला माणसं अशीच सांगितली होती. लेकरं त्यात धरत नसत.

"आये, मुकादमाकडं न्हाई चाललो आपण. पैसे भरून चाललोय, मजा करायला."

"पैसे भरून पालात निजायचं? जल्म गेला माझा पालात. मला इचारलं असतंस तर फुकट निजवलं असतं."

"म्हणून तर शिवणकाम तुमच्याकडं दिलं, आई," धनश्री म्हणाली. "आमच्या संगमनेरात असला टाका कुणाला जमायचा नाही."

ताडपत्री लंकाबाईनंच शिवली होती. अंगदनं खडूनं खुणा करून दिल्या होत्या. दाभण आणि सुतळी घेऊन ती तीन दिवस मागच्या पडवीत बसली होती आणि कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं.

"चला, एकदा उभारून बघू," अंगद म्हणाला.

कड्या सुटल्या. छत वर गेलं. ताडपत्री चहूबाजूंनी ताणून बसली. मोनिका टाळ्या पिटत गाडीभोवती धावली. एक फेरी मारली, दुसरी मारली आणि थांबली.

"पप्पा, आत कुठून जायचं?"

अंगदनं जवळ जाऊन बघितलं. जिथं त्यानं दाराची खूण केली होती, तिथं वरपासून खालपर्यंत दुहेरी टाका होता. सुई शिरणार नाही इतका घट्ट.

"आये, दारच शिवून टाकलंस की!"

धनश्रीला हसू आवरेना. "बरं झालं, आई. चोराची भीती नको."

लंकाबाई हसली नाही. अंगद कात्री आणायला वळला तसं तिनं त्याचं मनगट धरलं.

"कापू नको."

"अगं, मग आत जायचं कसं?"

"जायचंच न्हाई. तुझ्या पाया पडते, आंगद." आणि ती खरंच वाकली.

आईनं लेकाच्या पाया पडू नये, लेकाचं आयुष्य तुटतं म्हणतात. अंगद चटका बसल्यासारखा मागं सरला. ती तिथंच मातीत बसली.

"पाचटाच्या कोपीला दार नसतंय," ती म्हणाली. "नुसतं तोंड. पहाटं तोडीला जाताना तिला निजवलं अन् तोंडाला पोतं लावलं."

"कुणाला?"

"छबूला. दोन वर्साची हुती. तू पोटात हुतास."

अंगदनं धनश्रीकडं बघितलं. छबू हे नाव या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"दुपारी आलो तर पोतं तसंच हुतं. ती बी तशीच. फकस्त पायाला दोन ठिपकं. मुकादम म्हनला, गाडी भरायची राह्यलीय, ती भरा, मंग बघा." तिनं हाताची माती झटकली. "भरली आमी."

अंगद तिच्यासमोर उकिडवा बसला. "आये, ही गाडी तीन फूट वर हाय. लोखंडावर साप कसा चढंल?"

"तुझा बाप बी असंच म्हनला हुता. पोतं लावल्यावर कसं येतंय आत, म्हनला."

धनश्रीनं मोबाईल पालथा ठेवला. कात्री कुणी आणली नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत कुणी कुठं गेलं नाही. उन्हाळ्यात अंगदनं ती गाडी पुण्याच्या एका जोडप्याला विकली, आणि पुन्हा तसली बनवली नाही. लंकाबाईची टोळी तेव्हा जिथं तोडीला होती, त्या प्रवरेकाठच्या दोन-तीन गावांत धनश्री विचारून आली. कोप्या कुठल्या रानात होत्या, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. लंकाबाई दोन हजार चोवीसच्या श्रावणात गेली. दहाव्याला अंगदनं तिच्या पिंडाशेजारी आणखी एक लहानसा पिंड ठेवला. लेकरांचा ठेवत नाहीत, असं गुरुजी म्हणाले, तरी त्यानं उचलला नाही.

मोनिका आता सहावीत आहे. यंदा शाळेची सहल त्याच पार्कला गेली होती. दुपारी खोल्या मिळाल्याबरोबर पोरींनी गाद्यांवर उड्या टाकल्या. मोनिका एकेकीला उठवून चादरी झटकत राहिली.

"काय गं, सापडलं का काही?" बाईंनी हसून विचारलं.

"अजून नाही," मोनिका म्हणाली, आणि पुढची चादर उचलली.