अर्ध्या भावात

पाचूबंदरच्या मासळीबाजारात फ्लॉसीचा दरारा होता. अर्ध्या भावात मागायचं, नकार आला की पिशवी उचलून हळूहळू निघायचं. कोळणी हाक मारायच्याच. लेक जोआना पंधराची असताना डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस सुचवली. "तीन हजारांचं इंजेक्शन, अशी तीन." फ्लॉसी म्हणाली, "दीड हजार लावा, तिन्ही घेते." बाई हसल्या. फ्लॉसीने पर्स उचलली, पोरीला पुढे घातलं, दाराशी चपला घालायला जरा जास्तच वेळ लावला. मागून हाक आली ती पुढच्या पेशंटला. सोळा वर्षांनी जोआनाला तोच कॅन्सर निघाला. केमोच्या खाटेवरून तिने विचारलं, "मम्मी, तेव्हा लस केवढ्याला होती गो?" जन्मात पहिल्यांदाच फ्लॉसीने भाव वाढवून सांगितला. "एकेक इंजेक्शन वीस हजारांचं, बाय." "मग बरोबरच केलंस," तिचा हात थोपटत जोआना म्हणाली, "एवढे पैसे कुठून आणणार होतीस?"