दुसरी डिस्क

२००२ साली शिवाजी पेठेतल्या रक्तपेढीचा संगणक बंद पडला आणि गगनबावड्याहून आलेला बाप लेकीसाठी रक्त मागत ताटकळला. संगणक सांभाळणाऱ्या निशानं नोंदी दोन डिस्कवर सारख्याच ठेवल्या होत्या; पण मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम पहिलीवरच होता आणि तीच मेली. शेवटी जुन्या नोंदवहीत शोधून त्या बापाला रक्त दिलं. "हे डबडं भंगारात घाल! वही बंद पडत न्हाय," रक्तपेढीचे डॉक्टर सगळ्यांसमोर गरजले. निशा हटली नाही. नवी डिस्क आणून तिनं प्रोग्रॅम दोन्हींवर बसवला आणि डॉक्टरांसमोर बंद संगणकाचं झाकण उघडलं. "कुठल्याबी डिस्कची तार उपटा, सर." त्यांनी रागानं पहिलीची उपटली. तिनं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. डॉक्टर हसले. मग रक्तसाठ्याची यादी झळकली. "जोड ती तार," ते पुटपुटले. "जोडते की! नोंदी उतरून दोन्ही डिस्क परत सारख्या झाल्या की दुसरीची उपटायची हाय. तीबी तुम्हीच उपटा."