चौदा नग

दार उघडताच यामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टुडिओतला रॅक रिकामा होता आणि ध्वनिमुद्रणाचा अख्खा कॉम्प्युटर सतरंजीवर मांडून ठेवला होता. बोहारीण भांडी मांडते, तसा. पॉवर सप्लाय, पंखे, मेमरीच्या पट्ट्या, दोन साउंड कार्डं. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर. एका कार्डाच्या सोनेरी दातांवरसुद्धा. स्टोअरचे प्रल्हादभाऊ मांडी घालून ब्रश पुसत होते.

"हे कोणी खोललं?"

"मीच. काल पडताळणी होती, तुम्ही सुट्टीवर होत्या. बिलात नग चौदा, न् इथं पेटी दिसून राहिली एकच. तपासणीवाले म्हणे चौदा दाखवा. मंग दाखवले." प्रल्हादभाऊंचा चेहरा अगदी कौतुकाची वाट पाहणारा.

यामिनीनं मोजले. तेराच भरले.

"हार्ड डिस्क दोन होत्या. दुसरी कुठे आहे?"

"ते वर दिली, आस्थापनेत. एका खोलीत एकसारख्या दोन कायले पाहिजेत? त्यायच्याकडं जागा कमी पडून राहिली होती."

"अहो, त्या दोन मिळून एक होत्या! गाण्याचा एक तुकडा हिच्यात, पुढचा तिच्यात. एकटीचा काय उपयोग? विचारायचं तरी होतं हो मला!"

नक्कल ठेवायला तिसरी डिस्क द्या म्हणून तिनं तीनदा लिहून दिलं होतं. तिन्ही वेळा फाइल परत आली. शेरा एकच: दोन असताना तिसरी कशाला? राज्य नवं, संस्कृती खातं नवं, शंकर नगरातला भाड्याचा बंगलाही नवा रंगवलेला. शहाणपण तेवढं कुठून आणलं होतं देव जाणे.

दाराशी बाकावर हिरालाल बसला होता. बीरगांवचा, उरल्याच्या कारखान्यातून अर्धी पाळी सोडून आलेला. हातात कोरी सीडी. त्याची आई कलावतीबाई याच खोलीत दोन दुपारी राजा भरथरीची कथा गाऊन गेली होती. आठ दिवसांपूर्वी ती वारली. परवा दशगात्र, दहाव्याचा विधी. त्या दिवशी पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, सगळ्यांना आईचा आवाज ऐकवायचा, एवढंच त्याचं मागणं.

"घर में तो दाई का फोटो भी नहीं है, दीदी," तो सकाळी फाटकाशीच म्हणाला होता. दाई म्हणजे त्याची आई.

यामिनी जिना चढून वर धावली. आस्थापनेतली सोनिया चहा पीत होती.

"वो डिस्क? फॉर्मेट कर दी, दीदी. पूरी भरी हुई थी, पता नहीं क्या क्या था. उद्घाटन के फोटो डालने थे ना."

तिनं पडदा वळवून दाखवला. त्यावर खालच्याच खोलीचं उद्घाटन होतं. साहेबांच्या हातात कात्री आणि रॅकला झेंडूचा हार. असे एकशे ऐंशी फोटो त्या डिस्कवर भरले होते. यामिनीच्या तोंडी आलेली शिवी तिनं दात आवळून आत ढकलली. सोनियाचा काय दोष? आणि दोष नक्की कोणाचा, हे विचारायला गेलं तर या बंगल्यात प्रत्येक जण दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणार होता.

ती खाली आली तर प्रल्हादभाऊ रजिस्टर उघडून उभे.

"सही करून द्या, मॅडम. चौदाच्या चौदा नग सापडले. एक वर, तेरा इथं."

हिरालाल बाकावरून उठला. "हो गया, दीदी?"

यामिनीला त्याच्याकडे पाहवेना. पेन घेऊन तिनं सहीच्या जागेच्या वर, चौदाव्या ओळीखाली, कागद फाटेल इतक्या जोरानं एक ओळ लिहिली आणि रजिस्टर प्रल्हादभाऊंच्या छातीशी धरलं.

"वाचा. मोठ्यानं वाचा. त्याला ऐकू गेलं पाहिजे."

प्रल्हादभाऊंनी चष्मा नीट केला. "नग पंधरा. कलावतीबाईंचा आवाज. एक. गहाळ." ते गोंधळून तिच्याकडे पाहू लागले. "पण मॅडम, हा नग तं बिलात नव्हताच ना."

हिरालालनं सीडी हळूच पिशवीत ठेवली. मग त्यानं सतरंजीवरच्या पांढऱ्या आकड्यांकडे बोट केलं.

"सब पे नंबर डाल दिया, भैया," तो म्हणाला, "एक दाई पे भी डाल देते."