घाटावरची भोकं

नरसव्वाला त्या सर्वेवाल्या साहेबाचं वागणंच पटलं नव्हतं. तीन दिवस तो नदीच्या घाटावर फिरला, ढीगभर फोटो काढले, पण गावातल्या एकाही बाईला तोंड उघडून काही विचारलं नाही. आणि आज सगळ्यांसमोर घाटावर लावायच्या पाटीचा मजकूर वाचून मोकळा झाला: घाट कुण्या सरदाराने बांधला, फरशीतली भोकं घोडे बांधायच्या खुंट्यांची.

"हातहातभर अंतरावर घोडे? सरदाराकडं शेळ्या होत्या काय रे?" नरसव्वाने विचारलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"आजी, पुरावा लागतो," साहेब म्हणाला.

तेलंगणातून डोक्यावर माग घेऊन आलेल्या विणकरांनी हे गाव वसवलं, घाटही त्यांनीच बांधला, असं तिला आजेसासूने सांगितलं होतं. पण ते कुठल्या कागदावर नव्हतं, आणि दुपारी पाटी कोरायला जाणार होती. तिने सुनांना हाक मारली. त्यांनी भोकांत खुंट्या ठोकल्या, त्यांवर साडीच्या उभ्या सुताचा ताणा पसरला आणि खळ लावायचे कुंचे घेऊन दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. सूत तारेसारखं ताठ बसलं. एक भोक उरलं नाही, एक कमी पडलं नाही.

साहेबाने हातातला मजकूर फाडला.

"आता खरं लिही, लेका," नरसव्वा त्याला म्हणाली. "आणि अक्षरं मोठी काढ. मी दुसरीपर्यंतच शिकले, पण हे मला रोज वाचायचंय."